पाच मिलिमीटरचे अंतर: अडॅप्टरची सुरक्षा आणि तिचे प्रमाणपत्र

मोबाइलचा चार्जर भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावला की त्याच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात आणि दुसऱ्या बाजूला पाच. आत शिरलेल्या एसीची डीसी होते तेव्हा व्होल्टेज ३२५ च्या घरात जाते. पाच व्होल्टच्या बाजूला वायरचे टोक असते, मोबाइलची धातूची कड असते आणि शेवटी आपला हात असतो. या दोन बाजू एकमेकींपासून दूर ठेवणारी जागा सर्किट बोर्डाच्या पृष्ठभागावर मोजली तर कशीबशी पाच-सहा मिलिमीटर भरते. त्या पट्ट्यात ट्रान्सफॉर्मर, प्रकाशाच्या मदतीने संदेश पलीकडे पोचवणारा ऑप्टोकपलर आणि एक छोटा, बहुधा निळा कपॅसिटर अशा मोजक्या भागांनाच दोन्हीकडे पाय ठेवायची मुभा असते. इलेक्ट्रॉनिक मालाच्या सुरक्षेसाठी जगभर मानके, लॅब, नोंदण्या आणि चिन्हे यांचा जो पसारा उभा आहे, त्याचा मोठा भाग या पाच मिलिमीटरची राखण करण्यासाठी आहे.

आपल्याकडे उद्योजकांमध्ये हा विषय निघाला की बोलणे दोन गोष्टींभोवती फिरते: फी किती आणि दिवस किती. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण या व्यवस्थेकडे जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की परीक्षा अवघड असणे ही आपली मुख्य अडचण नाही. परीक्षेला बसलेला नमुना एक आणि दुकानात पोचलेला माल दुसराच, ही अडचण आहे. त्या फरकावर लक्ष ठेवणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत.

लॅबमध्ये नेमके काय तपासतात ते आधी पाहू, कारण ‘टेस्टिंग’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. अडॅप्टर किती वेळात मोबाइल चार्ज करतो याच्याशी सुरक्षा-चाचणीला कर्तव्य नसते. धक्का बसेल का, भाजेल का, आग लागेल का, एवढेच तिथे पाहतात. अडॅप्टर दमट हवेच्या कपाटात ४८ तास ठेवतात आणि मग त्याच्या दोन बाजूंमध्ये ३,००० व्होल्ट लावून एक मिनिट थांबतात. इन्सुलेशन फुटले की नापास. थेट सॉकेटमध्ये बसणारा अडॅप्टर एक मीटर उंचीवरून कठीण लाकडाच्या फळीवर तीनदा टाकतात आणि कवच फुटून आतला जिवंत भाग बोटाला लागतो का ते पाहतात. बोट म्हणजे मानकात मापे ठरवून दिलेले, सांधे असलेले चाचणीचे बोट. पिना धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकवर १२५ अंश सेल्सिअसला तासभर पोलादी गोळी दाबून ठेवतात. खळगा दोन मिलिमीटरपेक्षा रुंद झालेला चालत नाही. लेबलही यातून सुटत नाही. पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पंधरा सेकंद आणि पेट्रोलियम स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पंधरा सेकंद घासल्यावर त्यावरची अक्षरे वाचता आली पाहिजेत. लेबलमुळे रिपोर्ट अडकला म्हणून वैतागलेले उद्योजक भेटतात. पण व्होल्टेज आणि अँपिअर न कळणारा अडॅप्टर चार वर्षांनी कुणीतरी भलत्याच यंत्राला जोडतो, हेही तितकेच खरे आहे.

या सगळ्यांत मला मोलाची वाटते ती बिघाडाची चाचणी. इथे अडॅप्टरचा एकेक भाग मुद्दाम शॉर्ट करतात किंवा उघडा ठेवतात. डायोड शॉर्ट, मुख्य स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट, आउटपुट शॉर्ट, मग ट्रान्सफॉर्मरवर जादा लोड. अडॅप्टर पातळ कागदावर ठेवून वरून सुती जाळीदार कापड पांघरलेले असते, आणि ते कापड पेटले की नापास. अडॅप्टर स्वतः निकामी झाला तर त्याला हरकत नाही. ज्वाळा बाहेर येता कामा नये, आणि बिघाडानंतर पुन्हा उच्च व्होल्टेज लावले तर इन्सुलेशन टिकले पाहिजे. वस्तू कधीतरी बिघडणारच हे गृहीत धरून ती कशी बिघडावी हे आधी ठरवणे, हा या शास्त्राचा गाभा आहे. स्वस्त अडॅप्टर बनवताना पहिली काटछाट नेमकी इथेच होते. तिथे फ्यूज नसतो किंवा त्याच्या जागी साधा रेझिस्टर बसवलेला असतो, आणि कवच आग धरणाऱ्या प्लॅस्टिकचे असते.

त्या निळ्या कपॅसिटरकडे जरा थांबून पाहू. आजचे बहुतेक सगळे अडॅप्टर एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय) पद्धतीचे असतात. त्यांतला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्यातून शेजारच्या रेडिओत खरखर करणारा विद्युत-गोंगाट तयार होतो. तो आवरण्यासाठी प्रायमरी आणि सेकंडरी या दोन बाजू एका लहान कपॅसिटरने जोडाव्या लागतात. म्हणजे ज्या अंतराने माणसाला वाचवायचे, त्याच अंतरावर हा पूल मुद्दाम बांधलेला असतो. तो शॉर्ट झाला तर मेन्सची वीज थेट मोबाइलच्या बाजूला येईल. म्हणून तिथे ‘वाय-१’ वर्गाचा, सुरक्षेसाठी स्वतंत्रपणे प्रमाणित झालेला कपॅसिटर लागतो. दिसायला हुबेहूब तसाच साधा सिरॅमिक कपॅसिटर बाजारात त्याच्याहून स्वस्त मिळतो आणि तो बसवला तरी अडॅप्टर पहिल्या दिवशी अगदी तसाच चालतो. फरक कळतो तो पावसाळ्यात, वीज कडाडल्यावर, किंवा दोन-तीन वर्षांनी.

या कपॅसिटरचे मूल्यही मनमानी वाढवता येत नाही. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर थेट २३० व्होल्टवर धरला तर त्यातून सुमारे ०.१६ मिलिअँपिअर प्रवाह जातो, ४.७ नॅनोफॅरडचा घेतला तर हाच आकडा ०.३४ वर पोचतो. अर्थिंग नसलेल्या, दोन पिनांच्या अडॅप्टरला माहिती-तंत्रज्ञान उपकरणांच्या जुन्या मानकाने दिलेली मर्यादा ०.२५ मिलिअँपिअरची होती. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर मनगट टेकवले की कधीकधी झिणझिण्या येतात, त्यांचे मूळ बहुधा इथे असते. प्रवाह मर्यादेत असेल तर त्याने इजा होत नाही. पण ती मर्यादा पाळली जाते आहे याची हमी कुणी दिली, हे विचारायचा हक्क लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणाऱ्याला आहे.

लॅबमध्ये नापास होण्याचे दुसरे नेहमीचे ठिकाण म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो सोलून, वाइंडिंगचा एकेक थर उलगडून मोजतात. सेकंडरीसाठी तिहेरी इन्सुलेशनची तार वापरायची, नाहीतर बॉबिनच्या दोन्ही कडांना टेपची समासपट्टी सोडायची. तार बारकी, जागा तोकडी आणि वाइंडिंग करणाऱ्या कामगाराला हे अंतर कशासाठी ते कुणी सांगितलेले नसते. मग टेप अर्धा मिलिमीटर सरकते. वरून ते दिसत नाही आणि अडॅप्टर चालवून पाहिला तरी कळत नाही.

ही व्यवस्था जन्माला आली ती विमा कंपन्यांच्या भीतीतून. १८९३ चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन आपल्याला त्यानिमित्त भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळे आणि विवेकानंदांमुळे माहीत आहे. त्याच प्रदर्शनातल्या अगणित विद्युत दिव्यांमुळे आगी लागतील या धास्तीने विमा कंपन्यांनी विल्यम हेन्री मेरिल या तरुण विद्युत-अभियंत्याला तपासणीसाठी बोलावले. पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, त्याने जे काम सुरू केले त्यातून अंडररायटर्स लॅबोरेटरीज म्हणजे यूएल ही संस्था वाढली. १९०६ मध्ये लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग, आयईसी, स्थापन झाला. आपल्याकडे १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था आली. तिचे आयएसआय चिन्ह घराघरांत ओळखीचे आहे. पुढे तिचे रूपांतर भारतीय मानक ब्यूरोत झाले. २०१६ चा नवा मानक ब्यूरो कायदा ऑक्टोबर २०१७ पासून लागू आहे.

माहिती-तंत्रज्ञानाच्या उपकरणांसाठी आयईसी ६०९५० आणि टीव्ही-स्पीकरसारख्या वस्तूंसाठी आयईसी ६००६५ अशी दोन मानके अनेक वर्षे चालली. त्यांची भारतीय रूपे म्हणजे आयएस १३२५२ आणि आयएस ६१६. संगणकावर सिनेमा आणि टीव्हीवर इंटरनेट आल्यावर हा भेद निरर्थक झाला. त्यातून आयईसी ६२३६८ हे एकत्रित मानक आले. युरोप आणि अमेरिकेत २० डिसेंबर २०२० पासून त्याने जुन्या दोघांची जागा घेतली, आणि भारतानेही ते स्वीकारले आहे. जुने मानक ‘एवढे अंतर ठेवा, एवढी जाडी ठेवा’ असे सांगत असे. नव्याची मांडणी वेगळी आहे: उपकरणात ऊर्जेचे स्रोत कुठे आहेत, प्रत्येकाची तीव्रता तीन वर्गांपैकी कोणत्या वर्गात मोडते, आणि तो स्रोत व माणूस यांच्यामध्ये कोणते संरक्षण आहे. तरुण डिझायनरला सुरक्षेचा विचार कसा करायचा हे शिकायचे असेल तर दुसऱ्या कुठल्या पुस्तकापेक्षा मी त्याला हे मानक वाचायला सांगेन.

भारतात इस्त्री, गीझर अशा वस्तूंना आयएसआय चिन्हाची सक्ती आधीपासून होती. तिथे परवाना मिळण्यापूर्वी ब्यूरोचा अधिकारी कारखाना पाहून जातो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सरकारने वेगळी वाट निवडली. ऑक्टोबर २०१२ च्या आदेशाने सक्तीची नोंदणी योजना आली आणि २०१३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. पहिल्या यादीत लॅपटॉप, मोठे टीव्ही, प्रिंटर, सेट टॉप बॉक्स, मायक्रोवेव्ह असे पंधरा प्रकार होते. गंमत नव्हे, चिंतेची गोष्ट ही की सुटा अडॅप्टर त्या यादीत नव्हता. तो २०१४ च्या दुसऱ्या यादीत आला, मोबाइल, पॉवर बँक, एलईडी दिवे आणि बॅटऱ्यांच्या सोबत. पुढच्या याद्यांत ४८ व्होल्टपर्यंतचे सुटे एसएमपीएस, सीसीटीव्ही कॅमेरे, स्मार्ट घड्याळे आली. नोंदणीशिवाय अशी वस्तू बनवणे, आयात करणे, साठवणे किंवा विकणे कायद्याने निषिद्ध आहे. २०१६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख आणि नंतरच्या गुन्ह्याला किमान पाच लाख रुपये दंड ठरवला गेला, आणि तो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत वाढू शकेल अशी तरतूद ठेवली गेली.

आता उद्योजकाच्या बाजूने पाहू. समजा भोसरीतल्या किंवा नाशिकच्या अंबडमधल्या एखाद्या लहान कारखान्याने किराणा दुकानांसाठी बिलिंग मशीन बनवले. हे मशीन सक्तीच्या यादीत येते. त्याला ब्यूरोची मान्यता असलेल्या भारतातल्याच लॅबचा रिपोर्ट हवा. परदेशी लॅबचा कितीही चांगला रिपोर्ट इथे पुरत नाही. सरकारी लॅबपैकी केंद्र सरकारच्या एसटीक्यूसी संचालनालयाची एक अंधेरीच्या एमआयडीसीत आहे आणि तिचे पुण्यातले केंद्र शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या आवारात आहे. खासगी लॅबही आहेत, पण त्यांतल्या बऱ्याचशा दिल्लीच्या आसपास आणि बंगळूरुकडे. रिपोर्ट हाती आला की नव्वद दिवसांच्या आत ब्यूरोच्या पोर्टलवर अर्ज करायचा. सोबत कारखान्याची कागदपत्रे, ट्रेडमार्कचा पुरावा आणि सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या भागांची यादी जोडायची. नोंदणी झाली की ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकड्यांचा क्रमांक मिळतो आणि तो मानकाच्या क्रमांकासह वस्तूवर छापावा लागतो. मुदत सुरुवातीला दोन वर्षांची, मग नूतनीकरण.

कागदावर हे सरळ दिसते. अडते ते पुढील कारणांनी, आणि ती आधी माहीत असती तर निम्मा त्रास वाचला असता असे जवळजवळ प्रत्येक नवा उद्योजक म्हणतो. नोंदणी ब्रँडच्या मालकाला मिळत नाही, ती कारखान्याला मिळते. एकाच मालकाचे दोन कारखाने असतील तर नोंदण्या दोन. ब्रँड दोन असतील तरीही दोन. पुण्यातल्या स्टार्टअपने आपली वस्तू शेन्झेनमध्ये बनवून घेतली तर नोंदणी शेन्झेनच्या कारखान्याच्या नावावर होते आणि त्या कारखान्याला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. पुढच्या वर्षी दर परवडेना म्हणून कारखाना बदलला की सगळे पहिल्यापासून. हे ठाऊक नसताना हजारो नगांची ऑर्डर देऊन बसलेल्या माणसाचा माल बंदरात अडकतो, आणि तिथून पुढचा प्रत्येक दिवस पैशांचा असतो.

दुसरे म्हणजे साखळी. मोबाइलसारख्या वस्तूत सेलची नोंदणी, मग बॅटरीची, अडॅप्टरची, आणि त्या सगळ्या झाल्यावर मोबाइलची, असा क्रम बरीच वर्षे सक्तीने एकामागून एक चालत होता. उद्योगांच्या मागणीनंतर ब्यूरोने २०२२ च्या अखेरीस या चाचण्या समांतर करू देण्याचा प्रायोगिक मार्ग काढला. हे चांगले पाऊल होते. परीक्षा सोपी न करता वेळ वाचवता येतो हे त्याने दाखवून दिले.

तिसरे कारण सर्वांत महागडे आहे आणि त्याचा दोष सरकारवर टाकता येत नाही: सुरक्षेचा विचार शेवटी करणे. बोर्ड तयार झाले, कवचाचा साचा पडला, पहिला ग्राहक दारात आला आणि मग नमुना लॅबला गेला. तिथे प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात पाच मिलिमीटरच्या जागी साडेतीन निघाले. आता बोर्ड नव्याने आखायचे, साचा बदलायचा, पुन्हा फी भरायची. ऑप्टोकपलरच्या खाली बोर्डाला एक खाच पाडली असती तर ते अंतर मिळाले असते, आणि ती खाच डिझाइनच्या वेळी फुकट पडते. माझे स्पष्ट मत आहे की वर्षाला काही हजार नग बनवणाऱ्या कारखान्याने स्वतःचा अडॅप्टर बनवण्याच्या फंदात पडूच नये. आधीच नोंदणी झालेला अडॅप्टर विकत घ्यावा, त्याच्या पुढचे बारा किंवा पाच व्होल्टचे काम स्वतः करावे. उच्च व्होल्टेज यंत्राच्या बाहेरच राहते, यंत्राची चाचणीही सुटसुटीत होते. मात्र विकत घेताना पुरवठादाराकडून नुसता क्रमांक घेऊन भागत नाही. नोंदणीत कोणते मॉडेल आहे आणि आपल्या हातात कोणते आले, हे ताडून पाहावे लागते.

निर्यात करणाऱ्यांचे गणित वेगळे. आयईसीच्या सीबी योजनेत पन्नासहून अधिक देश आहेत. एका देशातला रिपोर्ट दुसऱ्या देशातली संस्था स्वीकारते आणि आपापले प्रमाणपत्र देते. युरोपचे सीई चिन्ह मात्र बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालासाठी उत्पादकाची स्वतःची घोषणा असते. कुणी बाहेरचा अधिकारी ते देत नाही. उत्पादकाने तांत्रिक दस्तऐवज तयार करून दहा वर्षे जपायचा आणि मागितला तर दाखवायचा. अमेरिकेत घरगुती वस्तूंना सरसकट केंद्रीय सक्ती नाही, पण मोठे दुकानदार, विमा कंपन्या आणि स्थानिक निरीक्षक मान्यताप्राप्त लॅबच्या चिन्हाशिवाय सहसा पुढे जात नाहीत. तिथली एक पद्धत मला आपल्यासाठी फार मोलाची वाटते: यूएलसारख्या संस्थेचा माणूस प्रमाणपत्र दिल्यानंतरही वर्षातून काही वेळा न कळवता कारखान्यात येतो आणि चालू उत्पादनातला नग उघडून भागांच्या यादीशी ताडून पाहतो. वैद्यकीय उपकरणांचे जग आणखी कडक आहे. रुग्णाच्या हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या उपकरणातून सामान्य स्थितीत फक्त दहा मायक्रोअँपिअर गळती चालते, म्हणून तिथे मोबाइलचा अडॅप्टर कितीही चांगला असला तरी चालत नाही.

आपली सक्तीची नोंदणी कारखाना न पाहता, नमुन्याच्या रिपोर्टवर मिळते. त्यामुळे ती तुलनेने लवकर मिळते, हा तिचा गुण. पण मग नंतरची देखरेख दणकट हवी. बाजारातून नग उचलून तपासण्याची तरतूद योजनेत आहे. तिचा आवाका मात्र देशात विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरच्या मानाने अगदी तोकडा आहे. २०२१ च्या सुमारास जगभर चिपचा तुटवडा पडला तेव्हा कित्येक कारखान्यांनी मिळतील ते भाग बसवून उत्पादन चालू ठेवले. भाग बदलला की रिपोर्टमध्ये दुरुस्ती आणि गरजेप्रमाणे फेरचाचणी करावी लागते. किती जणांनी ती केली असेल?

बनावट मालाने काय होते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. यूएलने २०१६ मध्ये अ‍ॅपलच्या नावाने विकले जाणारे ४०० बनावट अडॅप्टर वेगवेगळ्या देशांतून आणून तपासले. मूलभूत चाचणीत त्यांतले तीन सोडून सगळे नापास झाले, आणि बारा तर इतके वाईट होते की वापरणाऱ्याचा जीव जाऊ शकला असता. भारतात २०१७ मध्ये दिवे-उत्पादकांच्या संघटनेसाठी नील्सनने मुंबईसह चार शहरांतली दुकाने पाहिली, तेव्हा एलईडी बल्बच्या ७६ टक्के ब्रँडमध्ये सुरक्षेच्या नियमांची पूर्तता झालेली नव्हती. पाहणी उद्योगाने करवून घेतलेली होती हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा. पण त्यातला निम्मा जरी खरा मानला तरी देखरेखीची अवस्था कळते.

प्रामाणिक कंपनीच्या प्रमाणित मालातही चूक होते, हेही नाकारून चालणार नाही. सॅमसंगला २०१६ मध्ये गॅलॅक्सी नोट ७ जगभरातून परत मागवावा लागला. कंपनीच्या तपासात दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगवेगळे दोष निघाले. मधल्या काळात बदलून दिलेले फोनही पेटले होते. आपल्याकडे २०२२ च्या उन्हाळ्यात विजेवरच्या दुचाकी पेटू लागल्या आणि त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन एका लहान मुलाचा जीव गेला. त्यानंतर एआयएस १५६ हे वाहन-बॅटरीचे मानक कडक झाले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले, त्यात चार्जरच्याही अटी आल्या, आणि बॅटरीच्या उत्पादनाची नियमित पडताळणी सक्तीची झाली. प्रमाणपत्र दिल्यानंतरही उत्पादन तपासत राहायचे, हा धडा वाहनांच्या बाबतीत आपण जीव गमावून शिकलो. अडॅप्टरच्या बाबतीत तसे व्हायची वाट का पाहायची?

एक गोष्ट लॅबच्या पूर्ण बाहेरची आहे. तीन पिनांच्या यंत्राचे बरेचसे संरक्षण भिंतीतल्या अर्थिंगवर अवलंबून असते. जुन्या चाळींत, गावाकडच्या घरांत, कित्येक दुकानांत सॉकेटला तिसरे भोक असते आणि त्यामागे तार नसते. न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब घरात येऊ शकतो. अडॅप्टरची चाचणी त्याच्या नमूद व्होल्टेजच्या थोडे वरखालीच झालेली असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार देशात वर्षाला बारा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. यांत शेतातल्या तारा, मोटारी, उघडे खांब अशी अनेक कारणे मिसळलेली आहेत, आणि सगळा दोष चार्जरवर टाकणे चुकीचे ठरेल. पण ज्या देशात भिंतीतल्या विजेचा असा भरवसा नाही, तिथे अडॅप्टरच्या आतले अंतर जास्त काटेकोरपणे जपायला हवे.

म्हणून माझी मागणी फी कमी करण्यापासून सुरू होत नाही, जरी सूक्ष्म उद्योगांना ती कमी व्हायला हवीच. पहिली मागणी बाजारातून नग उचलण्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढवण्याची, आणि नापास मॉडेलची नावे निकाल लागताच ठळकपणे जाहीर करण्याची. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या प्रत्येक अडॅप्टरच्या पानावर नोंदणी क्रमांक दाखवणे बंधनकारक हवे आणि तो खोटा निघाला तर विक्रीचे व्यासपीठही जबाबदार धरले जावे. महाराष्ट्रात एमआयडीसीच्या मोठ्या वसाहतींजवळ पूर्वतपासणीची सोय उभी राहावी: उच्च व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणारे हायपॉट यंत्र, गळती मोजण्याचे मीटर, दमट कपाट आणि मानक समजावून सांगणारा एक अनुभवी माणूस. एवढ्याने नमुना लॅबला जाण्याआधीच निम्म्या चुका पकडल्या जातील. तंत्रनिकेतनांतल्या मुलांना एसएमपीएस शिकवताना त्याची कार्यक्षमता किती हे शिकवतात. ट्रान्सफॉर्मर सोलून समासपट्टी मोजायलाही शिकवा.

आणि वाचकांनो, तुमच्या घरातला अडॅप्टर उलटा करून पाहा. ‘आर’ पुढचा आठ आकडी क्रमांक मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोफत ॲपमध्ये घातला की उत्पादकाचे नाव, पत्ता, ब्रँड आणि मॉडेल दिसते. क्रमांकच नसेल, नोंद सापडत नसेल, किंवा तिच्यातला ब्रँड हातातल्या ब्रँडपेक्षा वेगळा असेल, तर तो अडॅप्टर वापरणे थांबवा आणि त्याच ॲपवरून तक्रार नोंदवा.